परदेशी जाण्याची रंगीत तालीम

माणसाला एखादं काम उत्तम येत असलं की त्याचे घरचे लोक धोक्यात असतात. वैद्याच्या घरात सगळ्यांना काढे प्यावे लागतात आणि गवयाच्या घरात पहाटे कुणी झोपू शकत नाही. तालीमसाहेब एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आग लागली, वायू गळला, छत कोसळलं, तर कामगारांनी कसं बाहेर पडायचं याच्या तालमी घेणं हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीखेरीज कुठे उरलं नव्हतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना तालीमसाहेब म्हणत, आणि त्यात थोडा आदर आणि बरीचशी धास्ती असे.

धास्तीचं कारण त्यांचं तत्त्व. सांगून केलेली तालीम ही तालीम नव्हे, ते नाटक, असं ते म्हणत. म्हणून ते कधीच आधी सांगत नसत. एकदा त्यांनी ऐन जेवणाच्या सुट्टीत भोंगा वाजवला, तेव्हा जनरल मॅनेजर हातात चमचा घेऊन खिडकीतून मेंदीच्या कुंपणात उतरले होते. तालीमसाहेबांनी त्यांना वेळेबद्दल चांगले गुण दिले आणि चमच्याबद्दल कापले. धारदार वस्तू घेऊन पळायचं नसतं.

तर असा माणूस बायको आणि लेकीला घेऊन परदेशी सहलीला निघाला होता.

खरं तर हा माणूस निघाला कसा हाच इमारतीत मोठा प्रश्न होता. त्यांची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. मुलं तिला बाई म्हणत, आणि मग मुलांच्या आया, दूधवाला, शेजारी असं करत करत सगळेच बाई म्हणू लागले. बाईंनी आयुष्यभर मुलांना डोंगर काढायला शिकवले होते. त्रिकोण, त्यावर त्रिकोण, टोकाशी बर्फ म्हणून पांढरी जागा सोडायची. स्वतः बाईंनी बर्फ फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पाहिला होता. लग्नानंतर जायचं ठरलं तेव्हा दरड कोसळण्याची शक्यता होती. लेक लहान होती तेव्हा साथीचे रोग होते. पुढे एकदा तिकिटं काढूनसुद्धा झाली, पण त्या हॉटेलला मागचा जिना नव्हता. यंदा मात्र बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "या वेळी जमलं तर जमलं. नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

ही धमकी असती तर तालीमसाहेबांना कळली असती. ती धमकी नव्हती, म्हणून त्यांना नुसतंच बरं वाटलं, आणि ते तयारीला लागले.

तयारी म्हणजे काय, तर घराची तीन रंगांत फाळणी झाली. हिरवी पट्टी म्हणजे नसलं तरी चालेल, पिवळी म्हणजे असावं, लाल म्हणजे अत्यावश्यक. लेकीच्या केस सुकवायच्या यंत्राला हिरवी पट्टी लागली, त्यावरून घरात एक दिवस अबोला झाला. लाल पट्टीत पासपोर्ट, तिकिटं, विम्याचे कागद, औषधं आणि तालीमसाहेबांचा जादा चष्मा. हे सगळं एका कापडी पाऊचमध्ये, पाऊच गळ्यात, आणि गळ्यातला पाऊच शर्टाच्या आत. सामानाचं वजन वाढत होतं, म्हणून बाईंनी जाडजूड कोट आणि बर्फातले बूट अंगावर चढवूनच निघायचं असंही त्यांनी ठरवून टाकलं.

मग घराच्या सुरक्षिततेकडे ते वळले. दाराला त्यांनी नवं कुलूप बसवलं. बसवण्याआधी नाक्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावून, हे कुलूप किल्लीशिवाय कुणाला उघडता येईल का, असं तीनतीनदा विचारलं. तो नाही म्हणाला तेव्हा कुठे त्यांनी पैसे दिले. किल्ल्या प्रवासात हरवतात, म्हणून तिघांच्याही किल्ल्या काढून घेतल्या आणि शेजारी ठेवायच्या ठरवल्या.

शेजारी राहत होते निवृत्त स्टेशनमास्तर. हा माणूस म्हणजे तालीमसाहेबांना देवानं धाडलेला भाऊच. नोकरीत असताना त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांना तिकीट नाही म्हणून फाटकावर अडवलं होतं. सासरे अजून ते विसरलेले नाहीत, आणि मास्तरांना अजून त्यात चूक दिसत नाही.

"एक लक्षात ठेवा मास्तर," तालीमसाहेब गॅलरीत उभं राहून म्हणाले होते. "आमची टॅक्सी फाटकाबाहेर गेली की कुलूप घालायचं. वीज बंद, वॉचमनला सांगून पाण्याचा कॉक बंद. मग कुणी का येईना, दार उघडायचं नाही. माझा आवाज काढून कुणी फोन करेल, माझ्यासारखा दिसणारा कुणी दारात येईल. हल्ली काय वाट्टेल ते होतं."

"तुम्ही स्वतः आलात तर?"

"मी आहे हे कशावरून? संकेतवाक्य विचारायचं. आमच्या घरात रोज बोललं जाणारं, पण बाहेरच्याला ठाऊक नसणारं एखादं वाक्य घेऊ."

मास्तरांनी थोडा विचार केला. "एक आहे. रोज भिंतीपलीकडून ऐकतो." त्यांनी ते वाक्य सांगितलं. तालीमसाहेब "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि लगेच पाण्याचा कॉक कुठल्या दिशेला फिरतो हे सांगू लागले.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. आदल्या दिवशी दुपारी बाई नुकत्या आडव्या झाल्या होत्या आणि लेक डोक्याला तेल लावून बसली होती. तेवढ्यात तालीमसाहेब हातात फोन घेऊन दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे राहिले आणि म्हणाले, "निरोप आलाय. विमान आजच्या संध्याकाळवर आणलंय. आत्ता निघायचं."

पुढे जे झालं त्याला घर म्हणत नाहीत. लेक तेलकट डोक्यानं नळाखाली गेली. "बाबा, निरोप दाखवा," असं ती मोरीतून ओरडत होती आणि बाबा "वेळ नाही" एवढंच म्हणत होते. बाई एका पायात बूट घालून दुसरा शोधत होत्या. इस्त्रीचे कपडे बिनइस्त्रीचे होऊन बॅगेत गेले. स्टेशनमास्तर गडबड ऐकून बाहेर आले, त्यांनी तिन्ही किल्ल्या हातात घेतल्या आणि घड्याळात पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई जिन्यात आल्या आणि हातात बॅग असलेल्या माणसाला लोक जो देतात तो सल्ला त्यांनी दिला, म्हणजे काहीतरी विसरलंय का ते नीट आठवून बघा.

टॅक्सी फाटकाबाहेर पडली. कोट घातलेल्या बाई घामानं डबडबल्या होत्या. गाडीने वळण घेतलं, इमारत दिसेनाशी झाली, तशा त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "निघालो बाई एकदाचे," त्या लेकीला म्हणाल्या. "मला खरंच वाटत नाहीये." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, पासपोर्ट नीट आहेत ना?"

या प्रश्नाची तालीमसाहेब वाटच बघत होते. त्यांनी शर्टात हात घालून पाऊच ओढला, चेन उघडली, आणि आतल्या वस्तू बाईंच्या हातावर ठेवल्या. साबणाच्या वड्या होत्या.

"शाबास," ते म्हणाले. "वेळ चांगली आली. अस्सल कागद तालमीत वापरायचे नसतात, म्हणून तेवढ्याच वजनाच्या वड्या घातल्या. पासपोर्ट घरी कपाटात सुखरूप आहेत. ड्रायव्हर, गाडी वळवा. लेकीचा चार्जर राहिला, त्याचे गुण कापले. तू मात्र बूट शोधण्यात..."

इथे ते थांबले. ड्रायव्हर आरशातून त्यांच्याकडे बघत होता, तेही समोरचा रस्ता सोडून. आणि बाई हातातल्या साबणाकडे बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर तालीमसाहेबांनी सगळं तत्त्व समजावून सांगितलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेक वडी पुन्हा पाऊचमध्ये भरली आणि चेन लावून दिली.

फाटकावर वॉचमननं गाडी अडवली.

"कुणाकडे?"

"अरे, कुणाकडे काय? मी."

"तुम्ही परदेशी गेलात साहेब," वॉचमन म्हणाला. "मास्तरांनी आत्ताच सांगितलं. फ्लॅट बंद म्हणून वहीत नोंदलाय. तुम्हीच सांगून ठेवलंय ना, बंद फ्लॅटकडे कुणाला सोडायचं नाही म्हणून?"

तालीमसाहेबांना जबर धक्का बसला. हुकूम त्यांचाच होता, तेव्हा चूक काढायची तर कुणाची? शेवटी वकीलबाईंनी वरून ओळख पटवली आणि तिघं वकीलबाईंचे पाहुणे म्हणून आत शिरले. स्वतःच्या इमारतीत त्यांना पाहुणा म्हणून सही करावी लागली.

दाराला नवं कुलूप होतं. शेजारच्या दारात खुर्ची टाकून स्टेशनमास्तर बसले होते.

"मास्तर, किल्ली."

"संकेतवाक्य?"

"मास्तर, मी आहे. ही तालीम होती."

"असेल," मास्तर म्हणाले. "मी तुम्हाला ओळखतो. वहिनींना ओळखतो, पोरगी तर माझ्या अंगाखांद्यावर खेळलीय. प्रश्न ओळखीचा नाही, प्रश्न नियमाचा आहे. नियम तुमचा आहे."

तालीमसाहेबांनी वाक्य आठवायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना गॅलरी आठवत होती. मास्तर काहीतरी बोलले होते, आपण "उत्तम" म्हणालो होतो, हेही आठवत होतं. कॉक उजवीकडे फिरतो हे लख्ख आठवत होतं. मधलं वाक्य तेवढं नव्हतं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात म्हणतात तो हाच, आणि तो त्यांनी मोजूनमापून, वजन करून मारून घेतला होता.

"आमच्या घरात रोज बोललं जातं ते," ते स्वतःशी पुटपुटले. मग त्यांचा चेहरा उजळला. "गॅस बंद केला का?"

"हे रोज ऐकतो," मास्तर म्हणाले, "पण हे नव्हे."

"दिवे कोण घालवणार?"

"हेही ऐकतो."

"चपला रांगेत लावा. नळ टपकतोय. मागच्या दाराची कडी बघितली का?"

मास्तर मान हलवत राहिले. मास्तरांच्या घरातून काकू पदराला हात पुसत आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, द्या ना किल्ली, काय छळ मांडलाय बिचाऱ्यांचा." मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिकिटाविना आलेले ते सासरे काकूंनाही आठवले असावेत. त्या मुकाट्याने सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

वकीलबाई वर आल्या आणि म्हणाल्या की हा ताब्याचा वाद आहे, रीतसर प्रतिज्ञापत्र केलं तर सोमवारपर्यंत काहीतरी होईल. विमान उद्या सकाळी आहे असं लेकीनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या की मग घाईचा अर्ज करावा लागेल, म्हणजे मंगळवार. किल्लीवाला आला. त्याने कुलपाकडे पाहिलं, तालीमसाहेबांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा दुखावलेला दिसला. "साहेब, तुम्ही तीनतीनदा विचारलंत की हे कुणाला उघडता येईल का. मी तीनदा नाही म्हणालो. आता माझी परीक्षा घेताय का?" दार तोडायचं म्हणावं तर दाराला आतून लोखंडी पत्रा होता. तोही गेल्याच आठवड्यात साहेबांनीच मारून घेतला होता.

संध्याकाळ उतरत होती. जिन्यात कपबशा फिरत होत्या आणि प्रत्येक मजल्यावरचा माणूस येऊन एकेक वाक्य सुचवून जात होता. तालीमसाहेब घसा बसेपर्यंत वाक्यं म्हणत होते. त्यांनी स्वतःची झोपेतून उठल्यापासूनची सगळी वाक्यं म्हटली. त्यात त्यांच्या असं ध्यानात आलं की आपण दिवसभर बरंच बोलतो, आणि त्यातलं बरंचसं बंद करण्याबद्दलच असतं. मास्तर प्रत्येक वाक्याला "ऐकलंय, पण नव्हे" म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना बाहेर काढणारा माणूस आता स्वतःच्याच घराबाहेर, जिन्यात, पाहुणा म्हणून बसला होता. तालीमसाहेब आतून पार ढासळले. उद्याचं विमान जाणार, हे त्यांना पहिल्यांदा नीट कळलं.

बाई इतका वेळ पिवळ्या पट्टीच्या बॅगेवर बसल्या होत्या. कोट तसाच, बूट तसेच. त्या कुणाला काही सुचवत नव्हत्या. मग त्या खाली वाकल्या आणि बर्फातल्या बुटाची नाडी सोडायला लागल्या. एक बूट काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढता काढता त्या हलक्या आवाजात, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "जाऊ दे. या जन्मी काही आपलं जाणं होत नाही."

स्टेशनमास्तर खुर्चीवरून उठले. "बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांनी किल्ली बाईंच्या हातात दिली.

किल्लीवाल्याच्या हातात बशी तिरकी होऊन चहा सांडला तरी त्याला कळलं नाही.

"हे?" तालीमसाहेब म्हणाले. "हे वाक्य आमच्या घरात रोज?"

"रोज," मास्तर म्हणाले. "रात्रीची जेवणं झाली की. भांडी घासण्याच्या आवाजाबरोबर येतं."

"आमच्याकडे खालीसुद्धा ऐकू येतं," वकीलबाई म्हणाल्या.

तालीमसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ते वाक्य माहीत असणार. तुम्ही तिथेच तर बसलेले असता."

भोंगा वाजला की साडेतीनशे माणसं कुठल्या दारातून बाहेर पडतील हे ज्याला झोपेत सांगता येई, त्या माणसाला आपल्या घरात रोज वाजणारा एक आवाज कधी ऐकू आला नव्हता. मास्तरांनी तो तोंडावर म्हणून दाखवला तेव्हासुद्धा नाही. त्यांना फार लाज वाटली. बाईंनी कुलूप उघडलं, आणि वीज बंद असलेल्या, नळ कोरडे असलेल्या स्वतःच्या घरात तिघं चाचपडत शिरले. तालीमसाहेबांनी त्या संध्याकाळी कुणाचे गुण कापले नाहीत.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी तयार झाले आणि कपाट उघडून अस्सल कागद पाऊचमध्ये भरले. बाई कोट घालून आल्या. त्यांनी एकच विचारलं, "आज खरं आहे ना?"

तालीमसाहेबांनी गळ्यातला पाऊच काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. बाईंनी चेन उघडून आत पाहिलं. पासपोर्टांना साबणाचा वास येत होता.

जिन्यात स्टेशनमास्तर किल्ल्या घ्यायला उभे होते. "साहेब, जुनं वाक्य आता सगळ्या इमारतीला कळलं. नवीन ठरवायला हवं."

तालीमसाहेब बोलायला गेले, पण थांबले आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्या जराशा थबकल्या. "आम्ही जाऊन आलो," त्या म्हणाल्या. "हे घ्या नवीन वाक्य."

"चालेल," मास्तर म्हणाले. "हे या भिंतीतून कधी ऐकलेलं नाही."

सहल झाली. तिथे काय काय झालं ती वेगळी कथा आहे. एवढंच सांगतो की हॉटेलला मागचा जिना नव्हता आणि ते कुणी विचारलं नाही. परतल्यावर वॉचमननं त्यांना फाटकावर अडवलं, त्यांनी पाहुणे म्हणून बिनतक्रार सही केली, आणि तालीमसाहेब दोन्ही हातांत बॅगा घेऊन वर पोचले. स्टेशनमास्तर दारातच होते.

"संकेतवाक्य?"

"आम्ही जाऊन आलो," तालीमसाहेब म्हणाले. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"बरोबर. पण आम्ही म्हणताय आणि दिसताय एकटेच."

लेक खाली टॅक्सीतलं सामान काढत होती. बाई खालच्या मजल्यावर वकीलबाईंच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज जिन्यातून स्पष्ट वर येत होता. त्या सांगत होत्या की बर्फ पांढरा नसतोच मुळी. सकाळी तो निळसर असतो आणि संध्याकाळी चक्क गुलाबी, आणि इतकी वर्षं आपण मुलांना नुसती पांढरी जागा सोडायला सांगत आलो, हे केवढं चुकीचं शिकवलं. सोमवारी शाळेत गेल्या गेल्या सगळ्यांना डोंगर पुन्हा काढायला लावायचे आहेत.

मास्तरांनी दार उघडून दिलं. आतून बंद घराचा वास आला. कॉक नीट फिरला नसावा, कुठे तरी नळसुद्धा टपकत होता. तालीमसाहेब बॅगा धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आणि खालचं बोलणं संपेपर्यंत आत गेले नाहीत.